पाण्याचं लग्न

कालव्याचा वाढदिवस साजरा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात पडला नव्हता. धरण भरलं की जलपूजन होतं, हे ठाऊक होतं. मंत्री सपत्नीक येतात, खणानारळानं ओटी भरतात, साडी पाण्यात सोडतात आणि ती पुढच्या वळणावर कोणीतरी अलगद काढून घेतं. पण ते धरण भरल्याचं कौतुक. कालवा अमुक साली पुरा झाला, त्याला अमुक वर्षं झाली, म्हणून गावोगाव मांडव घालावेत हे आपल्या डोक्यात येत नाही. खडकवासल्याचं धरण १८७९ सालचं, मुठा कालवेही त्याच काळातले. त्यांची शंभरी पुण्यानं साजरी केल्याचं मला आठवत नाही, आणि तेव्हा मी पुण्यातच होतो.

२०२५च्या उन्हाळ्यात मुलीकडे राहायला गेलो. तिचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं, पण न्यूयॉर्क शहरापासून गाडीनं साडेपाच तास लांब, रॉचेस्टरच्या बाजूला. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईबापांचा दिनक्रम सर्वांना माहीत आहे: सकाळी चालणं, दुपारी डुलकी, संध्याकाळी पुन्हा चालणं, आणि मधल्या वेळात भांडी मशीनला लावावीत की हातानं घासावीत यावर मतभेद. आमची चालायची जागा म्हणजे एरी कालव्याचा काठ. पाणी हिरवट, संथ, कुठे जायची घाई नसलेलं. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की गावात काहीतरी शिजतंय. दिव्याच्या खांबांवर २०० हा आकडा, ग्रंथालयाच्या दारात २०० हा आकडा, बेकरीतल्या बिस्किटांवरसुद्धा साखरेनं काढलेले २००. कोणाची द्विशताब्दी म्हणून विचारलं, तर नात म्हणाली, "आजोबा, कॅनॉलची!" तिच्या आवाजात, एवढंही माहीत नाही का, हा भाव होता.

तिला माहीत असणारच. आपल्याकडे चौथीला शिवछत्रपती असतात, तसा तिकडे चौथीला हा कालवा असतो. चौथीत शिकलेलं माणूस मरेपर्यंत विसरत नाही. त्यामुळे तिथला कोणीही पन्नाशीचा गृहस्थ कालव्यावरच्या खेचराचं गाणं भर रस्त्यात म्हणून दाखवतो. ते गाणं थॉमस ॲलन नावाच्या माणसानं १९०५ साली लिहिलं, म्हणजे खेचरं कालव्यावरून निवृत्त व्हायला लागली होती तेव्हा. इतकी वर्षं होड्या ओढल्या त्या काळात कोणाला गाणं सुचलं नाही. आमच्या कचेरीतही निरोपसमारंभाच्या आदल्या आठवड्यातच कविता व्हायच्या.

या कालव्याची मूळ कथा मला, एक लिहिणारा माणूस म्हणून, फार सुखावणारी वाटते. कारण तिची सुरुवात निबंधांपासून होते. जेसी हॉली नावाचा पिठाचा व्यापारी होता. माल बाजारापर्यंत पोचवण्याच्या खर्चात त्याचा धंदा बुडाला, कर्ज थकलं आणि त्या काळच्या कायद्याप्रमाणे त्याची रवानगी तुरुंगात झाली. तिथे बसून १८०७-०८मध्ये त्यानं 'हर्क्युलिस' या टोपणनावानं चौदा निबंध लिहिले: एरी सरोवरापासून हडसन नदीपर्यंत कालवा खणा. बुडीत व्यापाऱ्यानं कोठडीतून राज्याला सल्ला द्यायचा आणि टोपणनाव मात्र हर्क्युलिस घ्यायचं, हा आत्मविश्वास कौतुकाचाच. निबंध लिहून जगात काही होत नाही असं आमच्या घरात जे मत आहे, त्याला माझ्याकडे आता हॉली हे उत्तर आहे. आधी तुरुंगात जावं लागतं एवढीच अडचण.

राष्ट्राध्यक्ष जेफरसनकडे ही कल्पना गेली, तेव्हा त्यांनी १८०९ साली जे उत्तर दिलं त्याचा आशय असा की, कल्पना उत्तम आहे, शंभर वर्षांनी बघू, आज याचा विचार करणं जवळजवळ वेडेपणाच. मग न्यूयॉर्कचा गव्हर्नर डीविट क्लिंटन यानं ते वेड राज्याच्या पैशानं अंगावर घेतलं. ४ जुलै १८१७ला रोम नावाच्या गावी पहिली कुदळ पडली. रोम कालव्याच्या कुठल्याच टोकाला नाही, ते मधलं गाव. तिथली जमीन सपाट, खणायला सोपी. काम भराभर पुढे सरकताना दिसलं की विरोधकांची तोंडं बंद होतात, हा त्यामागचा हिशोब. आपल्याकडचा कुठलाही अनुभवी लोकप्रतिनिधी या निर्णयाला मनातल्या मनात नमस्कार करील.

देशात तेव्हा शिकलेला स्थापत्य अभियंता जवळपास नव्हताच. ज्यांनी हे काम केलं ते जमिनीच्या मोजण्या करणारे आणि बांधाचे तंटे सोडवणारे न्यायाधीश होते. लॉकपोर्टचा कडा चढायला एकापुढे एक पाच लॉक, म्हणजे होडीला पायरीपायरीनं वर चढवणारे दारांचे हौद, रचण्याची युक्ती काढणारा नेथन रॉबर्ट्स शाळेत शिकवायचा. ३६३ मैल लांब, ४० फूट रुंद, ४ फूट खोल, ८३ लॉक, दोन टोकांमध्ये साडेपाचशे फुटांहून जास्त उतार. लोक हसायचे, 'क्लिंटनचा चर' म्हणायचे. काम संपत आलं तेव्हा, १८२४ साली, विरोधकांनी क्लिंटनला कालव्याच्या समितीवरूनच काढून टाकलं. बिनपगारी काम होतं, तरी काढलं. लोक एवढे चिडले की त्याच वर्षी त्यांनी त्याला पुन्हा गव्हर्नर म्हणून निवडून दिलं. उद्घाटनाच्या नारळाला हात कोणाचा लागावा यावरून राजकारण करणारे आपण पहिले नाही, हे वाचून बरं वाटलं.

आता लग्नाकडे येतो. १८२५च्या उद्घाटनाला त्या लोकांनी नावच 'पाण्याचं लग्न' असं दिलं होतं. वधूपक्ष एरी सरोवर, वरपक्ष अटलांटिक समुद्र. की उलट, ते ठरलेलं दिसत नाही. मानपानही रीतसर झालं होतं: कालव्याचं टोक कुठे असावं यावरून बफेलो आणि ब्लॅक रॉक या शेजारच्या दोन गावांत वर्षानुवर्षं जुंपली होती. बफेलो जिंकलं, आणि १८५३मध्ये त्यानं ब्लॅक रॉक गिळूनच टाकलं.

२६ ऑक्टोबर १८२५ला सकाळी 'सेनेका चीफ' ही होडी बफेलोहून निघाली. तार नव्हती, फोन नव्हता. मग न्यूयॉर्कला कसं कळावं? त्यासाठी कालव्याच्या आणि हडसनच्या काठानं तोफा मांडून ठेवल्या होत्या. एका तोफेचा आवाज पुढच्या गोलंदाजाला ऐकू आला की त्यानं आपली डागायची. होडी निघाल्याची बातमी सुमारे दीड तासात समुद्रापर्यंत पोचली आणि तशीच तोफांनी परत फिरून आली. होडी स्वतः पोचायला ४ नोव्हेंबर उजाडला. वाटेत प्रत्येक गावी भाषणं, मेजवान्या, शोभेची दारू. वरातीत 'नोहाची नौका' नावाची आणखी एक होडी होती. तिच्यात पश्चिमेकडची अपूर्वाई म्हणून अस्वलं, गरुड, हरणाची पाडसं, मासे भरले होते, आणि त्यांच्याबरोबर सेनेका जमातीची दोन मुलंही. ज्यांच्या जमिनीतून कालवा खणला त्यांचीच मुलं अस्वलांच्या ओळीत बसवली, आणि पुढच्या होडीला नाव दिलं 'सेनेकांचा नायक'. उत्सवाच्या गडबडीत कोणाला काही खटकलं नसावं. ती नौका फार हळू निघाली, मागे पडली आणि समारंभाला पोचलीच नाही. वरातीमागून घोडे म्हणतात, इथे अस्वलं.

न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी, सँडी हुकजवळ, क्लिंटननं एरी सरोवराच्या पाण्याचं पिंप समुद्रात ओतलं. इथपर्यंत ठीक. पुढे सॅम्युअल मिचिल उभे राहिले. हे डॉक्टर, निसर्गशास्त्रज्ञ, माजी सिनेटर, आणि चालताबोलता ज्ञानकोश म्हणून ख्याती असलेले. असा माणूस प्रत्येक समितीत असतो, त्याला कार्यक्रमात काहीतरी द्यावंच लागतं. त्यांनी लहान लहान बाटल्या काढल्या आणि एकेक करून समुद्रात रिकाम्या केल्या. नाईल, गँबिया, थेम्स, सेन, ऱ्हाइन, डॅन्यूब, मिसिसिपी, ॲमेझॉन वगैरे. आणि सिंधू. आणि गंगा.

मी हे वाचलं तेव्हा ग्रंथालयात होतो, नाहीतर मोठ्यानं ओरडलो असतो. १८२५ साली न्यूयॉर्कच्या समुद्रात गंगा! पुण्यात इंग्रजांचा अंमल बसून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. आपल्या पणज्यांच्या पणज्या गंगेच्या एका गडूसाठी कुणी काशीला निघालंय का, याची वाट पाहत होत्या. अमेरिकन जहाजं कलकत्त्याला व्यापाराला यायची, त्यामुळे बाटली तिकडे जाणं अवघड नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र देवघरातला तो तांब्याचा, डाक लावून बंद केलेला गडू आला. आजी तो घासूनपुसून परत जागेवर ठेवायची. आत पाणी आहे की नाही हे हलवून बघायची आम्हा मुलांना सक्त मनाई होती, म्हणून आम्ही ती दुपारी झोपली की हलवायचो.

आणि गंमत पुढेच आहे. समुद्राचं पाणी पिंपात भरून 'सेनेका चीफ' माघारी बफेलोला गेली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ते खारं पाणी तिथल्या न्यायाधीश विल्कसननी समारंभपूर्वक एरी सरोवरात ओतलं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. काशीची गंगा रामेश्वरावर घालायची आणि सेतूची वाळू परत नेऊन गंगेत सोडायची, त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. वरसईच्या गोडसे भटजींनी १८५७च्या धामधुमीतून खांद्यावर कावड आणली ती आईवडिलांना गंगेनं न्हाऊ घालायला. क्लिंटनच्या मंडळींना आपली यात्रा ठाऊक असण्याचं कारण नाही. पण इकडचं पाणी तिकडे ओतल्याशिवाय आणि तिकडचं इकडे आणल्याशिवाय जोडणी पक्की झाल्यासारखी वाटत नाही, हे त्यांनाही कुठूनतरी सुचलं. एरीचं थोडं पाणी बाटल्यांत भरून फ्रान्सच्या सेनापती लाफाएतसाठी राखून ठेवलं, तेही आपल्याच पद्धतीचं. न आलेल्या मानकऱ्याला प्रसाद पाठवायचा असतो.

एकनाथांची गोष्ट इथे आठवते. कावड रामेश्वराला न्यायची, आणि वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं म्हणून तिथेच त्याच्या तोंडात ओतायची. या कालव्यावर भार ओढला तो खेचरांनी आणि घोड्यांनी. काठाच्या पायवाटेनं दोराला जुंपलेली खेचरं दिवसरात्र पाळीपाळीनं चालायची, तेव्हा कुठे बफेलोहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या मालाचं टनाचं भाडं शंभर डॉलरवरून दहाच्या आसपास उतरलं. १८२५च्या समारंभात तेरा नद्यांचं पाणी समुद्रात गेलं. समुद्राला त्याची गरज नव्हती. खेचरांना विचारलं असतं, तर.

द्विशताब्दीला बफेलोतल्या दोनशेहून अधिक स्वयंसेवकांनी लाकडात तशीच 'सेनेका चीफ' बांधली. सुतारकामाचा गंध नसलेली निवृत्त माणसं रंधा मारायला शिकली. हे वाचून मला आमच्या सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी आठवली. त्यांच्या हाती होडी दिली असती तर आधी समिती झाली असती, मग दोन समित्या, आणि शेवटी दोन अर्ध्या होड्या. २४ सप्टेंबरला होडी बफेलोहून निघाली, २६ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचली. खेचरं नव्हती, एक छोटी टग बोट तिला नेत होती. या वेळी लग्न लावायचं नाही असं ठरलं होतं. होडी गावोगाव थांबायची, तिथलं पाणी घ्यायची आणि एक पांढरा पाइन लावला जायचा. सेनेका ज्या संघात आहेत त्या हॉडेनोशोनी लोकांचा तो शांतिवृक्ष. त्याच्या मुळाशी शस्त्रं पुरली अशी त्यांची कथा आहे. जमवलेलं पाणी शेवटी न्यूयॉर्क शहरात लावलेल्या अशाच एका झाडाला घालायचं. दोनशे वर्षांनी का होईना, पाणी समुद्राऐवजी मुळाशी गेलं. हा बदल मला आवडला. एवढ्यानं हिशोब मिटतो असं तिथे कोणी म्हणत नव्हतं, तेही आवडलं.

आमच्या बाजूच्या धक्क्यावर होडी आली तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं. शाळेचा बँड होता. उंच टोपी घालून एक गृहस्थ क्लिंटन झाले होते आणि मुलांना टोपी घालू देत होते. मला वाटलं होतं होडी मोठी असेल. ७३ फुटांची, बुटक्या छपराची, एसटीच्या दोन गाड्या एकापुढे एक लावल्यासारखी. पूल ठेंगणे म्हणून छप्पर बुटकं. पूल आला की छतावरच्या प्रवाशांनी वाकायचं, अशी जुनी आरोळी असायची. एका मुलीनं काचेच्या जगमधून गावचं पाणी पिंपात ओतलं. थोडं तिच्या बुटावर सांडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, बँडनं एक सूर चुकवला. भाषणं तीन झाली आणि तिन्ही छोटी होती. आपल्या समारंभांनी इथून एखादी गोष्ट आयात करायची तर ती हीच.

उभा राहून बघताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. या पाण्याशी तिथे कोणाचं भांडण उरलेलं नाही. आगगाडी आली, पुढे मोठा कालवा झाला, १९५९मध्ये सेंट लॉरेन्स नदीतून समुद्री जहाजं थेट सरोवरांत जायला लागली आणि मालाची ये-जा जवळजवळ थांबली. टोल तर १८८२लाच माफ झाला होता. आता कालव्यात हौशी होड्या, काठावर सायकली. थोडे शेतकरी पाणी उचलतात, पण पाण्यावरून कोणी कोणाच्या डोक्यात फावडं घालत नाही. पोट ज्या पाण्यावर अवलंबून नाही त्याचाच वाढदिवस करता येतो. आपल्या कालव्यांना अजून कामं आहेत, त्यामुळे त्यांच्या वाट्याला टाळ्या नाहीत, निवेदनं आहेत.

काळज्या मात्र दोन्हीकडे सारख्याच. एरी कालव्याचे भराव पोखरायचे मस्करॅट, म्हणजे पाण्यात राहणारे घुशीसारखे प्राणी. त्यांची बिळं शोधायला काठावरून माणसं फिरायची. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ला दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटला, झोपडपट्टीतले संसार वाहून गेले, आणि एका मंत्रिमहोदयांनी दोष उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर ठेवला. तेव्हा सगळं पुणं हसलं. कालव्याच्या इतिहासात घुशीचा भाग खरोखर मोठा आहे, हे मला रॉचेस्टरला कळलं. फरक एवढाच की तिकडे घूस शोधायला आधीच माणूस नेमलेला असायचा.

डिसेंबरात परत आलो आणि बहिणीकडे इंदापूर तालुक्यात गेलो. दाजींचं रान नीरा डाव्या कालव्याच्या टेलला. टेलच्या शेतकऱ्याला कालव्याबद्दल विचारणं म्हणजे दुखऱ्या दाढेला हात लावणं. रब्बीचं आवर्तन चालू होतं. जेवण झाल्यावर ओसरीत बसून मी मोबाइलवर होडीचा व्हिडिओ दाखवला. दाजींनी होडी पाहिलीच नाही, पाणी पाहिलं. तीनदा मागे नेऊन पाहिलं.

"पाव्हणं, कॅनॉल तुडुंब हाय की. वरनं पाणी कुठनं येतंय?"

"एरी सरोवरातून."

"किती टीएमसी?"

हा प्रश्न येणार हे मी धरून चाललो होतो, म्हणून हिशोब करून ठेवला होता. "सतरा हजारांच्या आसपास."

दाजी गप्प झाले. उजनी काठोकाठ भरली तर ११७. त्यांनी मनात भागाकार केला असावा, कारण मान हळूहळू हलायला लागली. "दीडशे उजन्या," ते म्हणाले. "आन् मग वरची लोकं मोटरी टाकून पाणी चोरत्यात का न्हाई?"

"नाही."

"पाटकरी?"

"पाटकरी नाही. लॉक उघडायला माणसं असतात. होडी आली की वर घेतात, खाली सोडतात."

"आता या टायमाला बी असाच भरलेला आसंल?"

इथे मी जरा चाचरलो. "आत्ता नाही. नोव्हेंबरात पश्चिमेकडचा कालवा बराचसा रिकामा करतात. मग वसंतात पुन्हा भरतात."

"रिकामा?" दाजी सरळ बसले. "ऐन रब्बीत?"

"तिथे बर्फ पडतं, दाजी. कसली रब्बी?"

"ते ऱ्हाऊ द्या. दीडशे उजन्या उशाला, आन् कॅनॉल कोरडा. मोर्चा न्हाई निघत?"

"नाही."

"रास्ता रोको?"

"नाही हो. वाढदिवस करतात."

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अमेरिकेत नक्की कोणत्या लोकांत राहून आलो याची त्यांना काळजी वाटली असावी. तेवढ्यात चारीवरून कोणाची तरी हाक आली. पाणी त्यांच्या रानाच्या तोंडाशी आलं होतं, आणि शेजाऱ्यानं मधेच दारं फोडायच्या आत तिथे उभं राहणं भाग होतं. त्यांनी बॅटरी घेतली, फावडं खांद्यावर टाकलं आणि जाता जाता बहिणीला बजावलं, "पाव्हण्यास्नी गरम पाणी द्या आंघोळीला. पर जरा बेतानं."